हरकत असल्यास

न्हाई म्हणालो? मी? कवा म्हणालो? — पाळकसाहेब, बसा आधी, त्या खुर्चीचा एक पाय हलतो, भिंतीकडं सरकवून बसा — मी न्हाई म्हणालोच न्हाई. अंजलीनं तुमाला तसं सांगितलं असंल तर तिची समजूत चुकली. मी एवढंच म्हणालो, देवाची इच्छा कळली म्हणजे बघू. ह्याला 'न्हाई' म्हणतात व्हय? मी तिचा बाप हाय, त्यातून सरकारी कारकून होतो, मला 'न्हाई' म्हणायची गरजच काय? अख्ख्या नोकरीत मी एका माणसाला न्हाई म्हणालो न्हाई. लोकं यायची, वसमतची, कुरुंद्याची, पार औंढ्याकडची — शेषरावसाहेब, आमच्या कागदाचं काय झालं? — मी त्यांना बसवायचो, माठातलं पाणी द्यायचो आणि सांगायचो, वरून आदेश आला न्हाई. माणूस खुशीत जायचा हो. आपला कागद वर कुणीतरी मोठा साहेब वाचून राहिला, असं त्याला वाटायचं. न्हाई म्हटलं असतं तर भांडला असता, अर्ज केला असता, पेपरात दिलं असतं. — अंजली, पाळकसाहेब आलेत, चहा टाक ग. — गच्चीवर असंल. कपडे वाळत घालून राहिली असंल. लाइट गेली, कूलर बंद हाय, तो पुठ्ठा घ्या वारं घ्यायला.

तर तुमी म्हणता, येत्या रविवारपासून चर्चमधी मंडळीसमोर सूचना वाचायची. अमुक यांची कन्या, तमुक यांचे चिरंजीव, यांचा विवाह योजला हाय, कुणाची हरकत असल्यास कळवावी — लागोपाठ तीन रविवार. आणि त्याआधी बापाचा होकार घ्यावा म्हणून तुमी एवढ्या उन्हाचे आले. कायद्यानं लागत न्हाई म्हणता. मला माहीत हाय लागत न्हाई, तिशी उलटली तिची, मला काय कायदा सांगता. लागत न्हाई तरी आले, हे तुमचं चांगलं हाय. तुमी नवीन हाय, तरुण हाय, विचारलं की माणसं खरं सांगतात असं वाटण्याचं तुमचं वय हाय. विचारा. माझं उत्तर तयार हाय. देवाची इच्छा असंल तसं होईल. आता ह्या उत्तराला तुमी पाळक होऊन हरकत घेणार का?

हसू नका. देवाची इच्छा ओळखण्यात आपल्या मंडळीचा हात कुणी धरणार न्हाई, तुमाला हळूहळू कळंल. आता नानीबाई, पहिल्या बाकावर बसतात त्या. त्यांच्याकडं वचनपेटी हाय — तीच, प्लास्टिकची, पावाच्या आकाराची, आत कागदाच्या सुरळ्या, एकेकीवर शास्त्रातलं एक वचन. मुतखडा झाला होता बाईंना. डॉक्टर म्हणाले, काढावा लागंल. बाई म्हणाल्या, प्रभूला विचारते. पेटीतून सुरळी काढली, तर काय निघावं, प्रभूच्या थडग्याच्या तोंडावरची धोंड लोटली गेली, ते वचन. झालं. धोंड म्हणजे दगड, दगड म्हणजे खडा, खडा गेला. साऱ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, टाळ्या झाल्या, आमच्या हिच्या भावकीतल्या एकीनं तर रडून घेतलं. पुढच्या बुधवारी बाई अंगणात गडाबडा लोळायला लागल्या आणि अॅम्ब्युलन्समधून नांदेडला गेल्या. आल्यावर पुन्हा साक्ष — प्रभूनं मला अॅम्ब्युलन्समधून चालवलं. मला सांगा, ह्यात देव कुठून चुकणार? दोन्ही बाजूंनी तोच जिंकतो. आणि गुलाबचंद, हळदीचा धंदा करतो तो, मोंढ्याजवळ गोडाऊन हाय. तो डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो आणि बोट ठेवतो. वरचा मजला बांधावा का म्हणून बोट ठेवलं तर वंशावळीवर पडलं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. दुसरा कुणी असता तर पुन्हा ठेवलं असतं. गुलाबचंद म्हणाला, वंश वाढणार असं देव सांगून राहिला, वंश वाढला तर खोल्या लागणार, सबब मजला बांधावा. अहो, त्याला मजला बांधायचाच होता. सिमेंट आधीच येऊन पडलं होतं.

आणि राग येऊ देऊ नका, पण तुमच्या आधीचे पाळक — त्यांना पाचारण व्हायचं. देवाची हाक यायची त्यांना. पहिली हाक नांदेडहून आली, मग पुण्याहून. सेनगावहून कदी हाक आली न्हाई. कळमनुरीहूनबी न्हाई. मी एकदा विचारलं, साहेब, देवाचा आवाज लहान गावातून पोचत न्हाई का? त्यानंतर ते माझ्याकडं चहाला आले न्हाईत. — अंजली... राहू द्या, ऐकू जात नसंल, पंखा बंद असला की बाहेरचा आवाज जास्त येतो.

आता मुद्द्याचं. सोमेश्वर. पोराचं नाव सोमेश्वर, आणि म्हणे ख्रिस्ती. व्हय, व्हय, माझंबी नाव शेषराव हाय, शेष म्हणजे नागच, ते माहीत हाय मला, तुमी नका काढू. नावाचं मी सोडून दिलं. पण धंदा काय करतो, तर सिद्धेश्वरच्या धरणात मासे पाळतो. पाण्यात जाळ्याचे पिंजरे टाकलेत, त्यात मासे, त्यांना खाद्य घालायचं, मोठे झाले की विकायचे. बोटीवर उभा राहून फोनवर बोलतो, एवढा मोठा माणूस हाय. आणि ओळख कशी झाली? माशाचा काटा तळहातात घुसला, औंढ्याच्या दवाखान्यात ड्रेसिंगला आला, आणि आमची अंजली तिथं नर्स. काटा केवढा असतो हो? हा महिनाभर ड्रेसिंगला येऊन राहिला. मी म्हणालो तिला, एवढं ड्रेसिंग तर लढाईत पाय गेलेल्याचं करत न्हाईत. तर म्हणते, बाबा, तो दर वेळी नवीन काटा घेऊन यायचा. आणि हसली. तिची आई गेल्यापासून ती घरात अशी हसली नव्हती, म्हणून मी गप बसलो, न्हाई तर पुढं बोलणार होतो.

तुमी म्हणणार पेत्र. मला माहीत होतं, तुमी आता पेत्र काढणार. प्रभूचा शिष्य पेत्र, तोबी मासेच धरायचा. व्हय, धरायचा. पण मी तुमाला एक विचारतो, पाळकसाहेब, तुमी मोठ्या कॉलेजात शिकून आलात — पेत्राला बायको होती का न्हाई? होती. कशावरून? त्याला सासू होती. ती तापानं फणफणून पडली होती, प्रभूनं हात धरला, ताप उतरला, आणि उठून लगेच पाहुण्यांना वाढायला लागली. एवढं सगळं लिहून ठेवलं. सासरा कुठं गेला? सांगा ना. सासू हाय तर सासरा असणारच की. त्याच्याबद्दल अख्ख्या शास्त्रात एक ओळ न्हाई. त्यानं पोरगी दिली एका मासेवाल्याला, मासेवाला एक दिवस जाळं किनाऱ्यावर टाकून प्रभूच्या मागं निघून गेला, आणि ह्या सासऱ्याला संध्याकाळी कोण भाकर वाढत होतं, त्याची बीपीची गोळी — तवा बीपी नसंल, काहीतरी असंलच की — ती कोण काढून ठेवत होतं, ह्याची चौकशी प्रभूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी एकानंबी केली न्हाई. मी वाचतो म्हणून मला दिसतं. तुमी प्रवचन करता म्हणून तुमाला दिसत न्हाई.

न्हाई, मी माझ्या जेवणाचं बोलून राहिलो नव्हतो. मी शास्त्राचं बोलून राहिलो. दोन वेगळ्या गोष्टी हायेत.

आधीची स्थळं? ते तुमाला कुणी सांगितलं? — आली होती. एक परभणीचं, एक जालन्याचं. चांगली होती दोन्ही, मास्तर होता एक. त्यांनाबी मी न्हाई म्हणालो न्हाई. देवाची इच्छा बघू म्हणालो. ते थांबले, चांगले थांबले, मग थांबले न्हाईत. आता त्यांची लेकरं शाळेत जाऊन राहिली. तीबी देवाचीच इच्छा म्हणायची.

पण ह्या वेळी अंजली ऐकंना. म्हणाली, बाबा, देवाची इच्छा बघू म्हणता तर बघा. कशी बघणार ते सांगा. आता हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वरून आदेश न्हाई म्हटल्यावर वर म्हणजे कुठं, हे कुणी विचारत न्हाई. मी म्हणालो, बघतो. वचनपेटी मला चालत न्हाई, तो मटक्याचा आकडा झाला. डोळे मिटून बोट ठेवणं, तेबी गुलाबचंदानं नासवलं. पद्धत पाहिजे, पुरावा पाहिजे. मग मला शास्त्रातला गिदोन आठवला. तुमाला माहीतच हाय — खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, रात्रीतून दव नुसतं लोकरीवर पडू दे, भुई कोरडी राहू दे, म्हणजे मी समजंन तुझं म्हणणं काय ते. ह्याला म्हणतात काम. विनंती स्पष्ट, मुदत स्पष्ट, जागेवर पाहणी. गिदोन आमच्या खात्यात असता तर मोठ्या पदावर गेला असता.

लोकर कुठून आणायची? आपला मसाजी, मेंढरं घेऊन पूर्णाकाठानं फिरतो तो. त्याला म्हणालो, एका मेंढीची कातरलेली लोकर दे, देवाच्या कामाला पाहिजे. तो म्हणाला, तुमच्या देवाला लोकर लागते व्हय? आमच्याला बेल-भंडाऱ्यावर भागतं. म्हणालो, लागत न्हाई, बघून परत देतो. तो म्हणाला, देवाला दाखवून परत आणायची, म्हणजे बराबर आमच्या निवदासारखंच हाय की. चांगला माणूस. घोंगडी घेऊन जा म्हणत होता, मी म्हणालो, शास्त्रात घोंगडी न्हाई, सुटी लोकर हाय. खळं मात्र कुठून आणणार वसमतमधी, म्हणून गच्ची घेतली. गच्चीवर आमच्याकडं हळद वाळते, म्हणजे खळ्याला समकक्षच की. मी अंजलीला समोर बसवून सांगितलं — सकाळी लोकर ओली निघाली तर देवाचा होकार, कोरडी निघाली तर विषय बंद. ती म्हणाली, चालंल. त्या रात्री तिची ड्यूटी होती, ती संध्याकाळच्या एस्टीनं औंढ्याला गेली, मी लोकर पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, खाली येऊन झोपलो. सकाळी वर गेलो. कोरडी. ठणठणीत कोरडी. विषय बंद.

मे महिना होता, मग? — मे महिन्यात दव पडत न्हाई म्हणता. आपल्याकडं मे महिन्यात डोळ्यात पाणी येत न्हाई, दव कुठून पडंल, ते काय मला माहीत न्हाई? पण देवाला महिने कुठं असतात, पाळकसाहेब? त्याच्या मनात असतं तर त्यानं पाडलं असतं. मी थंडीत विचारलं असतं तर तुमीच म्हणाला असता, शेषराव, हिवाळ्यात दव पडतंच, त्यात देवाचं काय. मी तर देवाला पूर्ण संधी दिली. अवघड प्रश्नच द्यावा मोठ्या माणसाला, सोपे प्रश्न सोडवायला आपण हायच.

बघायचीय? काय, लोकर? ती आता कुठं राहिली. वाळली तशी मसाजीला परत देऊन टाकली.

असंच. वाळली तशी, म्हणजे — एक बोलायची पद्धत हाय. काम झालं तशी. तुमी असे थांबून काहून बघून राहिले?

पकडा, शब्द पकडा. मी जन्मभर दुसऱ्याच्या कागदातले शब्द पकडले, आज माझा पकडला गेला. — थोडी दमट होती. दमट म्हणजे — हे बघा, त्याची कारणं असू शकतात. मी सगळी तपासली. टाकी भरून वाहिली असंल म्हणून टाकीत बघितलं. तर नळ आठवडाभर आला नव्हता, टाकीच्या तळाला पाल मरून पडली होती. मग म्हणालो, गोजरबाईची बकरी. शेजारच्या गोजरबाई, त्यांची बकरी जिन्यानं गच्चीवर येते, पापड खाते, तिला काही धरबंध न्हाई. लोकरीला नाक लावून बघितलं. मेंढीचा वास होता, बकरीचा नव्हता. आजूबाजूची फरशी बघितली, हात फिरवून. फरशी कोरडी, धूळसुद्धा जागची हलली न्हाई. अंजलीनं पाणी टाकलं म्हणावं तर ती औंढ्याला ड्यूटीवर. मग पिळून बघितली. गिदोनानं पिळली तर वाटी भरली होती म्हणतात. मी वाटी आणायला खाली गेलो न्हाई. पिळली, आणि कठड्यावर टाकली वाळायला.

घाई कशाची? पहिली गाडी यायची होती औंढ्याहून.

पण लोकर काय कापड हाय का झटकन वाळायला. ऊन चढलं तरी मधून तशीच. ती आली, चपला खाली काढल्या आणि सरळ वर आली, ड्यूटीच्या कपड्यात. कठड्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, काय बाबा? मी म्हणालो, कोरडी. आणि तिचा हात लोकरीवरच होता हो. पंजा पूर्ण टेकलेला. रोज माणसांच्या कपाळाला हात लावून ताप सांगणारी पोरगी, तिला ओलं-कोरडं कळत न्हाई? काढला न्हाई तिनं हात. माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, बरं. एवढंच. बरं. भांडली असती तर मी भांडलो असतो. गिदोनानं दुसऱ्यांदा उलटी खूण मागितली होती, आपणबी उद्या उलटं मागू, असं म्हणणार होतो मी, तेवढं तयार ठेवलं होतं. ती खाली जाऊन स्वयंपाकाला लागली. भाजी रोजच्यासारखीच झाली होती.

प्रार्थना करू? आत्ता, इथं? नका. तुमी डोळे मिटणार, मी मिटणार, आणि तुमी त्याला विचारणार. विचारायचं न्हाई त्याला काही. तुमी अजून तरुण हाय म्हणून सांगतो. वरून आदेश न्हाई म्हणायचो ना मी, तवा तो कागद कुठं असायचा? माझ्या टेबलाच्या खालच्या खणात. वर गेलाच नसायचा. वर गेला की उत्तर येतं, हीच तर सगळी तकलीफ हाय. अंजलीच्या बाबतीत इतकी वर्षं मी हेच केलं आणि बराबर चाललं होतं — रोज गुडघे टेकायचो, तिच्या आईच्या फोटोसमोर, सगळ्या जगाचं मागायचो, हे एक सोडून. आणि ह्या एका वेळी पोरीच्या हट्टापायी कागद वर पाठवला. महिना बघून पाठवला. म्हणालो, ह्या दिवसात तिथून काय उत्तर येणार.

चहाचं राहू द्या. ती वर न्हाई. गच्चीवर न्हाई, घरात न्हाई. सकाळी बॅग घेऊन औंढ्याला गेली, क्वार्टर मिळालंय म्हणाली. मी तुमच्यादेखत हाका मारल्या, ते उगी सवयीनं. गोळ्या काढून ठेवल्यात तिनं, त्या फळीवर वाटी दिसते ना, ती. सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, मधी कागद घातलाय. रविवारी उपासनेला भेटू म्हणाली. भेटू. परक्याला म्हणतात तसं.

उठता? उठा. ऊन कमी झालं.

थांबा. ती सूचना. रविवारी वाचा तुमी. मी येणार हाय, दुसऱ्या बाकावर बसतो मी, खांबाकडच्या बाजूला, ते तुमाला माहीत हाय. फकत एक करा. 'कुणाची हरकत असल्यास' असं म्हणून तुमी पाळक लोकं जरा थांबता, चष्म्यावरून मंडळीकडं बघता. तिथं थांबू नका. पुढचं वाक्य लगेच घ्या. तीनही रविवार. मला माझी खात्री न्हाई.

जाताना दार ओढून घ्या. गोजरबाईची बकरी आत येते.